हरवलेली शेळी आणि एक गुंठा विहीर

गेल्या अंकात लघुग्रहांबद्दल जाताजाता चार ओळी लिहिल्या आणि अंबाजोगाईच्या आमच्या पत्त्यावर टपालाचा गठ्ठाच येऊन पडला. सगळ्यांना एकच धास्ती: वरून येणारा दगड कुणी बघतंय का, आणि बघतंय तर कसं? गणित शिकवण्यात एकतीस वर्षं गेली, त्यामुळे भीतीपेक्षा हिशेब बरा असं माझं मत. निवडक पत्रं घेतो. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

केज, इयत्ता नववी: सर, दुर्बिणीतून लघुग्रह नुसता ठिपका दिसतो असं तुम्हीच लिहिलं. मग तो किती लांब आहे आणि कुठं चाललाय हे ठिपक्यावरून कसं कळतं?

बाळा, ठिपक्यावरून नाहीच कळत. ठिपके तीन लागतात.

पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरानं आभाळाच्या एकाच तुकड्याचे तीन-चार फोटो काढायचे. तारे जागच्या जागी राहतात, एक ठिपका सरकतो. आजूबाजूच्या ताऱ्यांच्या जागा गाया नावाच्या उपग्रहानं फार बारकाईनं मोजून ठेवल्या आहेत, त्यांच्या आधारानं सरकत्या ठिपक्याची जागा काढायची. तुझ्या आलेख-वहीत क्ष आणि य असतात तसे आभाळात विषुवांश आणि क्रांती. म्हणजे एका नजरेत दोन आकडे मिळतात. दोन्ही दिशेचे, अंतराचा एकही नाही.

आता सूर्याभोवतीची वाट पक्की करायला आकडे लागतात सहा: लंबवर्तुळ केवढं, किती चपटं, पृथ्वीच्या वाटेच्या पातळीशी किती कललेलं, तो कल कुठल्या बाजूला, सूर्याजवळचं टोक कुठल्या दिशेला, आणि अमुक क्षणी दगड वाटेवर नेमका कुठं. एका नजरेत दोन, म्हणजे तीन नजरांत सहा. दोन चलांची समीकरणं तुम्हाला यंदा आहेतच, ही सहा चलांची समज. फक्त सरळ रेषेची नाहीत, म्हणून जरा त्रास देतात.

अंतर यात कुठून आलं, असं विचारशील. केजहून अंबाजोगाईला एसटीनं येताना खिडकीतून बघ. रस्त्याकडेची बाभूळ झपाट्यानं मागं पळते, लांबचा डोंगर बराच वेळ सोबत चालतो. पृथ्वी ही आपली एसटी, सेकंदाला जवळपास ३० किलोमीटरनं पळणारी. ठिपका ताऱ्यांपुढून जसा सरकतो त्यात त्याची चाल असते तशी आपलीही असते, आणि दोन्ही वेगळ्या काढताना अंतर हाती लागतं.

हे पहिल्यांदा खरं कसोटीला लागलं ते १८०१ मध्ये. पियाझ्झी नावाच्या पाद्री-ज्योतिर्विदाला पालेर्मोहून १ जानेवारीला सेरेस हा लघुग्रह दिसला. ११ फेब्रुवारीपर्यंत त्यानं नोंदी केल्या, मग आजारी पडला, आणि तोवर सेरेस सूर्याच्या उजेडात बुडाला. सगळ्या युरोपला वाटलं, गेला. गाऊस हा जर्मन गणिती तेव्हा चोवीस वर्षांचा. त्यानं त्या तुटपुंज्या नोंदींवरून वाट काढली, आणि वर्ष संपताना सेरेस जवळपास त्यानं सांगितलेल्या जागी सापडला. तुझ्या वर्गात कुणी ‘गणिताचा उपयोग काय’ म्हणालं तर हे सांग. म्हणणारे गप्प बसतील असं नाही, पण सांग.

औसा तालुका, एक गृहिणी: मागं टीव्हीवर एका लघुग्रहाची आदळण्याची शक्यता आधी एक टक्का, मग दोन, मग तीन अशी वाढत गेली, आणि मग एकदम ‘धोका नाही’ म्हणाले. पट्ट्यात आपला भाग आहे असंही सांगत होते. आमच्या सासूबाई किल्लारीच्या भूकंपातून वाचलेल्या. त्या चार रात्री अंगणात झोपल्या. शास्त्रज्ञांना नक्की माहीत नव्हतं तर सांगितलं कशाला?

ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मीही विसरलेलो नाही. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक दमून झोपले होते, आणि चार वाजायला चार मिनिटं असताना जमीन हलली. त्यानंतर कितीतरी दिवस ‘आज रात्री पुन्हा होणार’ अशी रोज नवी अफवा यायची आणि अख्खी गावं बाहेर झोपायची. ज्यानं ते भोगलंय त्याला ‘घाबरू नका’ म्हणणं सोपं आहे आणि निरुपयोगी आहे. म्हणून तसं न म्हणता टक्के का वाढले तेवढं सांगतो.

तुम्ही म्हणता तो २०२४ वायआर४. २७ डिसेंबर २०२४ ला चिलीमधल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला दिसला, आणि तोही पृथ्वीच्या जवळून निघून गेल्यावर दोन दिवसांनी. शंका होती २२ डिसेंबर २०३२ च्या तारखेबद्दल.

आता असं समजा, तुमची एक शेळी रात्री चुकली. शंभर एकरांत कुठंही असेल. त्या शंभर एकरांत तुमची एक उघडी विहीर आहे, कठडा धरून एक गुंठ्याची. शेळी विहिरीत पडली असण्याची शक्यता किती? शंभर एकर म्हणजे चार हजार गुंठे. चार हजारांत एक. कुणी फारसं मनावर घेणार नाही.

पोरं कंदील घेऊन निघतात. तुरीचं रान बघून झालं, तिथं नाही. ओढ्याकाठ बघितला, नाही. शोधायची जागा राहिली दहा एकर, पण विहीर अजून त्याच दहा एकरांत आहे. आता चारशेत एक. आणखी बघत बघत बत्तीस गुंठे राहिले आणि विहीर तरी आतच. बत्तीसात एक, म्हणजे तीन टक्क्यांच्या किंचित वर. शेळी काही विहिरीकडं सरकलेली नाही, ती जिथं होती तिथंच आहे. तुमचं अज्ञान कमी झालं म्हणून आकडा वाढला. आणि मग बांधापलीकडून घंटा वाजते. राहिलेली जागा चार गुंठ्यांवर येते, विहीर त्याच्या बाहेर. शक्यता शून्य, एका झटक्यात.

वायआर४ चं अगदी हेच झालं. १८ फेब्रुवारी २०२५ ला आकडा ३.१ टक्क्यांवर गेला, बत्तीसात एक, आणि पुढच्या आठवडाभरात जवळपास शून्यावर आला. दक्षिण आशिया ‘पट्ट्यात’, म्हणजे दगड आदळलाच तर जिथं पडू शकेल त्या भागात, होता हे खरं. पण तो पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र असा पसरलेला होता. चार हजार गुंठ्यांतल्या बत्तीस गुंठ्यांवर कुणी ‘तुमच्या घराजवळ’ अशी पाटी लावली तर ती पाटी लावणाऱ्याची चूक.

हे अज्ञान वाटेच्या आडवं फार नसतं, वाटेच्या लांबीत असतं. वाट कुठून जाते हे लवकर कळतं, दगड तिथं कधी पोचणार हे उशिरा. फाटकाजवळच्या गावात राहणाऱ्याला रूळ कुठं आहेत हे ठाऊक असतं, प्रश्न गाडीच्या वेळेचा असतो. आणि इथं वेळ फार काटेकोर लागते. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर. आपल्या वेगानं ती स्वतःच्या रुंदीएवढं अंतर साधारण सात मिनिटांत ओलांडते. दगड सात मिनिटं मागं-पुढं झाला की फाटक मोकळं. आठ वर्षांनंतरची वेळ सात मिनिटांच्या आत सांगायची तर फेरीच्या कालावधीत थोडीही चूक चालत नाही, कारण दर फेरीला ती साठत जाते, रोज थोडं मागं पडणाऱ्या भिंतीवरच्या घड्याळासारखी.

सांगितलं कशाला, हा तुमचा खरा प्रश्न. २००४ च्या डिसेंबरात अपोफिस नावाच्या लघुग्रहाचा आकडा २.७ टक्क्यांवर गेला होता. मग कुणी जुने फोटो चाळले आणि त्याच वर्षीच्या मार्चमधल्या छायाचित्रांत तो सापडला, कुणी ओळखला नव्हता एवढंच. जुना सातबारा निघाला की वाद मिटतो तसं झालं, २०२९ चा धोका संपला. असे जुने फोटो, नव्या दुर्बिणींचा वेळ, जगभरचे डोळे मिळतात ते आकडा जाहीर असतो म्हणून. दडवून ठेवला असता तर घंटा ऐकायला माणसंच गेली नसती. भूकंपाचं असं नाही. किल्लारीच्या आदल्या दिवशी दिवस आणि वेळ सांगेल असं गणित कुणाकडं नव्हतं आणि आजही नाही. दगडाचं आहे. सासूबाईंना हा फरक पटतो का विचारा. न पटला तर मी एकदा औशाला येईन म्हणतो, शेळीची गोष्ट समोर बसून सांगितली की जास्त जमते.

सेलू, एक शिक्षक: माझ्याकडं आठ इंची दुर्बीण आणि कॅमेरा आहे. मला स्वतः लघुग्रहाची जागा मोजायची आहे. आमच्यासारख्याच्या मोजणीला काही किंमत आहे का? आणि चुका कुठं होतात?

किंमत आहे. चुका कुठं होतात हे मी अधिकारानं सांगू शकतो, कारण मी त्या केल्या आहेत.

माझीही दुर्बीण आठ इंचीच, घराच्या गच्चीवर. समोर रस्त्याचा पांढरा दिवा आहे. भारनियमन झालं की गल्ली हळहळते आणि मी वर पळतो. १८ जानेवारी २०२२ च्या रात्री १९९४ पीसी१ हा किलोमीटरभर आकाराचा लघुग्रह १९.८ लाख किलोमीटरवरून जाणार होता. चंद्राच्या पाचपट लांबून, म्हणजे धोका काही नाही, पण चांगला ठळक, आणि चाल इतकी की ताऱ्यांपुढून सेकंदाला जवळपास दोन विकला सरकत होता. (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. अडीच सेंटिमीटरचं नाणं पाच किलोमीटरवर धरलं तर दिसेल तेवढा कोन.)

अकरा फोटो काढले. दुसऱ्या दिवशी अ‍ॅस्ट्रोमेट्रिका नावाच्या प्रणालीवर जागा मोजल्या आणि माझ्या गच्चीसाठी गणितानं काढलेल्या जागांशी ताडून बघितल्या. अकराही ठिपके वाटेवर अचूक, पण सगळेच्या सगळे आठ विकला पुढं. आडवी चूक नाही, फक्त वाटेच्या दिशेनं.

खरं सांगू? एक रात्रभर मला वाटलं की कक्षेतच काहीतरी गडबड आहे आणि ती मी पकडली आहे. घरच्यांना सांगूनही झालं. अभिनंदनाचा शिरा झाला, चांगला होता.

सकाळी नातवानं त्याचा मोबाइल माझ्या लॅपटॉपशेजारी धरला. लॅपटॉपचं घड्याळ चार सेकंद मागं होतं. गच्चीवर इंटरनेट पोचत नाही, म्हणून कित्येक आठवडे ते कुणी जुळवलेलंच नव्हतं. दगड त्याच्या जागी होता, मीच त्या जागेवर चार सेकंद आधीची वेळ लिहीत होतो. चार सेकंद गुणिले दोन विकला, आठ. एकतीस वर्षं पोरांना ‘एकक लिहा, एकक लिहा’ म्हणून छळलं आणि स्वतःचं घड्याळ बघितलं नाही.

म्हणून पहिलं काम घड्याळ. जागेची नोंद पाठवताना वेळ दिवसाच्या एक लाखाव्या भागापर्यंत लिहायची असते, म्हणजे एक सेकंदही नाही पूर्ण. बसण्याआधी इंटरनेटवरून किंवा जीपीएसवरून घड्याळ जुळवा, मधे एकदा पुन्हा बघा. फोटो तीस सेकंदांचा असेल तर वेळ मधल्या क्षणाची लिहायची, बटण दाबल्याची नाही. आणि वेळ जागतिक लिहायची, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा.

दुसरं, तुम्ही पृथ्वीवर नेमके कुठं उभे आहात. तुमचं सेलू आणि माझं अंबाजोगाई यांत सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटर आहेत. त्या रात्री आपण दोघांनी एकाच क्षणी फोटो काढला असता तर त्या दगडाची जागा ताऱ्यांच्या तुलनेत आठेक विकलांनी वेगळी आली असती. एक डोळा मिटून बोट बघा, मग दुसरा मिटून बघा, तसंच. मोजणीदार बांधाच्या दोन टोकांवरून पलीकडचा दगड धरतो आणि अंतर काढतो, ते आपल्याला परभणी आणि बीड जिल्ह्यांत बसून वीस लाख किलोमीटरवरच्या वस्तूचं करता येतं. मला ही गोष्ट अजूनही विलक्षण वाटते. पुढचा बरा लघुग्रह आला की तुम्हाला कळवतो, करून बघू.

सुरुवात मात्र असल्या पळत्या दगडापासून करू नका. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातले क्रमांक मिळालेले, संथ लघुग्रह घ्या. त्यांच्या कक्षा इतक्या पक्क्या आहेत की तफावत आली तर ती तुमचीच. अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये मायनर प्लॅनेट सेंटर आहे, जगभरच्या मोजण्या तिथं जमा होतात. नव्या निरीक्षकानं ओळखीच्या लघुग्रहांच्या एकाहून जास्त रात्रींच्या चांगल्या मोजण्या पाठवल्या की त्याच्या जागेला तीन अक्षरी संकेतांक मिळतो. मी अजून अर्ज केलेला नाही. आधी माझी तफावत सलग एका विकलेच्या आत येऊ दे.

मोठ्या दुर्बिणी असताना आपण कशाला, असं मनात येईलच. मोठ्या दुर्बिणी शोधून पुढं जातात, त्यांना अख्खं आभाळ चाळायचं असतं. सापडलेल्यावर पुढच्या रात्री नजर ठेवायला कुणीतरी लागतं, आणि चिलीत किंवा हवाईत दिवस असतो तेव्हा आपल्याकडं रात्र असते.

जालना, नाव-धंदा लिहिलेला नाही, पण अक्षर पंचांगवाल्यांचं वाटतं: लघुग्रहांचा पत्रिकेवर परिणाम होतो का?

सूर्यापासून १.३ खगोलीय एककांपेक्षा (एक एकक म्हणजे सूर्य ते पृथ्वी एवढं अंतर) जवळ येणारे, म्हणजे पृथ्वीच्या शेजारपाजारचे, हजारोंनी नोंदले आहेत. सगळे मांडायचे म्हटलं तर बारा घरं पुरायची नाहीत.

परळी, निवृत्त तलाठी: कुणालाच न दिसता एखादा येऊन पडू शकतो का?

लहान असेल तर हो. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर जो फुटला तो वीसेक मीटरचा होता आणि सूर्याच्या बाजूनं आला. उजेडात कुठलीही दुर्बीण आंधळी. दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले, बहुतेक खिडक्यांच्या काचांनी. झगमगाट बघून लोक खिडकीशी धावले आणि धक्का नंतर आला. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: आभाळात विजेसारखा लख्ख उजेड दिसला तर काचेपासून लांब जा, बघायला जाऊ नका.

उलटही घडलं आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये २००८ टीसी३ हा चारेक मीटरचा दगड पडण्याच्या वीसेक तास आधी सापडला. तेवढ्या तासांत जगभरून इतक्या मोजण्या आल्या की तो सुदानच्या वाळवंटावर पडणार हे आधी सांगता आलं, आणि नंतर खार्टूमच्या विद्यार्थ्यांनी तिथं जाऊन त्याचे तुकडे वेचले. आपल्याकडचंही एक सांगतो. ऑगस्ट २०२० मध्ये २०२० क्यूजी हा मोटारीएवढा लघुग्रह पृथ्वीपासून २,९५० किलोमीटरवरून निसटला. एका दुर्बिणीच्या फोटोंत तो ओळखला मुंबईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी, पण तोवर तो जवळून जाऊन काही तास झाले होते.

२ एप्रिल २०२२ ला, पाडव्याच्या संध्याकाळी, आभाळातून जळत गेलेली माळ तुम्हीही बघितली असेल. मला त्या रात्री पुष्कळ फोन आले. तो लघुग्रह नव्हता, चिनी रॉकेटचा टप्पा होता. त्याचं धातूचं कडं सिंदेवाहीजवळ पडलं. ओळखायची खूण चालीत असते: पृथ्वीभोवती फिरणारा भंगार सेकंदाला आठेक किलोमीटरनं येतो आणि आभाळ ओलांडायला वेळ घेतो. सूर्याभोवतीचा दगड सेकंदाला अकराच्या खाली येऊच शकत नाही, बोट दाखवेपर्यंत खेळ संपतो.

माजलगाव, महाविद्यालयीन विद्यार्थी: १३ एप्रिल २०२९ ला अपोफिस नुसत्या डोळ्यांनी दिसणार हे खरं का? आणि आदळणार नाही हे इतक्या खात्रीनं कसं सांगतात?

खरं आहे. साडेतीनशे मीटरच्या आसपासचा हा दगड पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल. आपल्या टीव्हीचे उपग्रह त्याहून वर आहेत. सर्वांत जवळ येईल तेव्हा आपल्याकडं १४ तारखेची पहाट, सव्वातीन वाजलेले असतील आणि तो अटलांटिकवर असेल. त्याआधी तो हिंदी महासागरावरून पश्चिमेकडं येईल, म्हणून १३ ची संध्याकाळ झाली की मी गच्चीवरच. रात्री बाराला जयंतीचे फटाके सुरू होतील, गाव तसंही जागं असतं. धुराचं काय करायचं ते तेव्हा बघू.

खात्रीचं कारण रडार. मार्च २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन इथल्या तबकडीवरून त्याच्यावर लहरी सोडल्या आणि प्रतिध्वनीला किती वेळ लागतो ते मोजलं. फोटोत फक्त दिशा मिळते म्हणालो ना, रडारमध्ये थेट अंतर मिळतं. शोधायची जागा इतकी आवळली की पुढची निदान शंभर वर्षं विहीर तिच्या बाहेर आहे.

एक गोष्ट मात्र आहे. आज अपोफिस सूर्याभोवतीची फेरी ३२४ दिवसांत पुरी करतो. त्या रात्री पृथ्वी त्याला असा काही हिसका देईल की फेरी वर्षाहून मोठी होईल. सहाच्या सहा आकडे बदलतील, जुनी नोंद रद्द, फेरफार नवा. १४ एप्रिलला उजाडल्यापासून त्याची मोजणी पुन्हा सुरू.